काय झिजू द्यायचं

पिनबॉलच्या यंत्रात सगळ्यात आधी झिजतं ते सगळ्यात देखणं ठिकाण. यात योगायोग काही नाही. जिथे चित्र डोळ्यांत भरतं, जिथे दिवे लागतात, जिथे जास्तीचे गुण मिळतात, तिथेच खेळणारा नेम धरणार. मग ऐंशी ग्रॅम वजनाचा पोलादी बॉल त्याच वाटेनं हजारो वेळा जाणार आणि एक दिवस त्या वाटेवरचा रंग उडून खालचं लाकूड दिसायला लागणार. कोपऱ्यातली बिनकामाची नक्षी मात्र पन्नास वर्षांनंतरही टवटवीत. जुन्या यंत्राची काच काढून वाकून पाहावं, म्हणजे लोकांना कशाची हाव होती याचा नकाशाच समोर येतो.

हा नकाशा कितपत पुसावा, हा माझ्यापुढचा नेहमीचा पेच आहे, कारण जुन्या यंत्रांची प्लेफील्ड स्वच्छ करणं हा माझा फावल्या वेळचा उद्योग. प्लेफील्ड म्हणजे काचेखालची ती उतरती, चितारलेली फळी. फ्लिपर, बंपर, टार्गेटं सगळी तिच्यावर बसवलेली आणि त्यांच्या तारा, कॉइली नि दिवे तिच्या पोटाखाली. यंत्राचा बाकीचा सांगाडा म्हणजे नुसती पेटी. जीव या फळीत.

आपल्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅगाटेल खेळलेल्यांना यातलं निम्मं यंत्र ओळखीचं वाटेल. खिळ्यांची रांग, अर्धगोल कप्पे, कोपऱ्यात स्प्रिंगचा दांडा. तो स्प्रिंगचा दांडा १८७१ मध्ये सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हच्या पेटंटातून आला. पुढे १९३१ मध्ये डेव्हिड गॉटलीबनं शिकागोत ‘बॅफल बॉल’ काढलं. मंदीचे दिवस, खिशात फारसं काही नाही, पण एक पेनी टाकली की घटकाभर करमणूक. खेळ तुफान चालला आणि शिकागो पिनबॉलची राजधानी झाली. बॉल परत वर टोलवणारे फ्लिपर मात्र १९४७ च्या ‘हम्प्टी डम्प्टी’पर्यंत नव्हते. एकदा बॉल सोडला की तो नशिबाच्या हवाली. म्हणूनच सरकारं याला जुगार म्हणायची. न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये शहरात बंदी घालून जप्त केलेली यंत्रं घणानं फोडली. खुद्द शिकागोतही बंदी होती. म्हणजे यंत्रं इथे बनायची, जगभर जायची, आणि गावातल्या माणसाला खेळायची सोय नाही! न्यूयॉर्कची बंदी उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुणानं नगरपरिषदेच्या सदस्यांसमोर, बॉल कुठे जाणार ते आधी सांगून, तो तिथेच घालून दाखवला आणि हा कसबाचा खेळ आहे हे त्यांना पटलं.

माझ्याकडचं यंत्र त्याच १९७६ सालचं, गॉटलीबचं ‘रॉयल फ्लश’. रचना एड क्रिन्स्कीची, चित्रं गॉर्डन मॉरिसनची. पत्त्यांतले राजे, राण्या, गुलाम नि जोकर सगळीकडे पसरलेले, आणि त्यांच्यासमोर ड्रॉप टार्गेटांची, म्हणजे बॉल लागला की खाली बसणाऱ्या पट्ट्यांची, रांग. आत एकही मायक्रोचिप नाही. गुणांची सगळी बेरीज रिले, कॉइली आणि खटखटणारी चाकं करतात. चौघांनी आळीपाळीनं खेळायचं. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते आणि गॉटलीबचा कारखाना होता ते नॉर्थलेक इथून फार लांब नाही. म्हणजे या यंत्रानं पन्नास वर्षांत फारसा प्रवास केला नसावा. बराच काळ ते एका दारूच्या गुत्त्यात होतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं. ते त्यानं सांगितलं नसतं तरी कळलं असतं. पेटीच्या कडेवर सिगारेटी टेकवल्याचे करपट डाग आहेत.

ही यंत्रं टिकायला बनवलेलीच नव्हती, हे आधी मान्य करावं लागतं. काही वर्षं नाणी गोळा करायची, नवं मॉडेल आलं की गोदामात जायचं, मग भंगारात. कारखान्यानं त्या हिशेबानंच फळी केली. प्लायवूडवर टणक मेपलचा पापुद्रा, त्यावर सिल्क-स्क्रीननं एकामागून एक रंग, आणि वर पातळ लॅकर. लॅकरचा तो थर म्हणजे चित्राचं एकुलतं एक संरक्षण. वर्षांनुवर्षं लाकूड उन्हाळ्यात फुगतं, हिवाळ्यात आकसतं, लॅकर काही ताणत नाही. त्याला लाकडाच्या रेषांच्या दिशेनं बारीक बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत काळा मळ जाऊन बसतो.

हा मळ साधा नाही. घरातल्या धुळीसारखी ही धूळ फुंकरीनं उडत नाही. झिजलेल्या बॉलचं लोखंड, आतबाहेर होणाऱ्या दांड्यांची पूड, काळ्या पडलेल्या रबरी कड्यांचा भुगा, जुनं मेण आणि वरून गुत्त्यातला सिगारेटचा धूर, असं सगळं मिळून तो तयार होतो. बॉल त्यावरून गेला की तो मळ पॉलिश पेपरचं काम करतो. त्यामुळे जुन्या यंत्राचा मळ हा त्याचा इतिहास आहे, तो राहू द्यावा, असं कोणी हळव्या सुरात म्हणालं तर मी मान हलवत नाही. हा इतिहास चित्र खातो. तो काढायलाच हवा. प्रश्न फक्त कसा आणि कुठवर, एवढाच.

कसा, याचं पहिलं उत्तर फडक्याशी नाही, विजेशी निगडित आहे. यंत्राचं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून ओढून काढायचा. मग काच. ती टफन्ड असेल तर मध्यावर बुक्की मारली तरी फुटत नाही, पण फरशीवर कडेनं टेकवली की क्षणात तिचा चुरा. म्हणून ती उभी करायची ती गालिच्यावर. मग बॉल काढून घ्यायचा. फळी वर उचलताना तो आत राहिला तर घरंगळत येऊन काय फोडेल ते सांगता येत नाही. काढलेला बॉल उजेडात धरून बघायचा. त्यावर खड्डे किंवा गंज दिसला तर तो परत आत घालायचा नाही. दोन-चार डॉलरच्या बॉलसाठी परत न मिळणारं चित्र खरवडून घेण्यात शहाणपण नाही.

दुसरं उत्तर, पाणी नको. आपला स्वभाव असा की काही मळलं की ओलं फडकं घ्यायचं. इथे ते ओलं फडकं घात करतं. लॅकरच्या चिरांतून पाणी लाकडात मुरतं, लाकडाचे तंतू फुगून वर येतात आणि येताना रंगाचे कपचे उचलून आणतात. दुसऱ्या दिवशी फळीवर बोट फिरवलं तर खरखर लागते.

मग राहतात द्रावकं. त्यातलं सगळ्यात सौम्य नॅफ्था. हे पेट्रोलच्याच कुळातलं, सिगारेटच्या लायटरमध्ये घालतात ते. चिकट मेण आणि तेलकट मळ ते सोडवतं, पण जुन्या लॅकरला सहसा हात लावत नाही. त्याचा खरा धोका चित्राला नाही, करणाऱ्याला आहे. त्याची वाफ खोलीच्या साध्या तापमानालाही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड, म्हणून जमिनीलगत पसरते, आणि इथल्या तळघरांत नेमका कोपऱ्यात गॅसचा बंब असतो, आत ज्योत जळत असलेला. त्यात या यंत्राचे संपर्कबिंदू चालू असताना ठिणग्या टाकतात. म्हणून हे काम गॅरेजमध्ये, दार सताड उघडं ठेवून, हातात नायट्राइलचे मोजे घालून. वापरलेली फडकी बोळा करून कचऱ्यात टाकायची नाहीत, बाहेर पसरून वाळवायची. शिकागोच्या जानेवारीत गॅरेजचं दार उघडं ठेवून बसणं हा वेडेपणाच, त्यामुळे माझ्याकडे प्लेफील्डचा हंगाम वसंतात सुरू होतो नि पानगळीबरोबर संपतो.

अल्कोहोलचं मात्र जपून. गिरगावात आमच्या चाळीत लाकडी कपाटांना पॉलिश करायला एक म्हातारा यायचा. स्पिरिटमध्ये चपडा विरघळवायचा, कापसाच्या गादीवर घ्यायचा आणि गोल गोल हात फिरवत राहायचा. पहिला थर वाळला नसेल तर दुसऱ्या हातासरशी तो पुसलाच जायचा, कारण ज्या स्पिरिटनं चपडा बसतो तेच त्याला सोडवतं. ते डोळ्यांसमोर असल्यामुळे जुन्या लॅकरवर मी अल्कोहोल सहजासहजी नेत नाही. घासायचे पांढरे जादुई स्पंज मिळतात, त्यांचंही तेच. ती मेलामाइनची जाळी असते आणि ती मळ विरघळवत नाही, खरवडते. मळाबरोबर वरचा थरही जातो. पाहणाऱ्याला मात्र वाटतं, काय लख्ख निघालं!

म्हणून कुठलीही गोष्ट आधी कोपऱ्यात, एखाद्या धातूच्या पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर करून बघायची. कापसाची काडी नॅफ्थात बुडवायची, निथळून घ्यायची आणि टेकवून अलगद फिरवायची. काडीवर काळपट-तपकिरी आलं तर तो मळ. लाल किंवा निळं आलं तर थांबायचं, तो रंग आहे. काड्यांचा ढीग पडतो. जोकरच्या एका गालाला तासभर सहज जातो. पण त्या तासात त्याचा चेहरा जो हळूहळू वर येतो, त्यात मळाच्या पडद्याआड गेलेली एक बारीक काळी रेष सापडते. ओठाच्या कोपऱ्यातली. त्या रेषेमुळे तो हसत नाही, हसू दाबतोय असं दिसतं. मॉरिसननं इतका विचार केला होता, आणि गुत्त्यातल्या पिवळ्या उजेडात, बॉलवरची नजर काढून, तो किती जणांनी पाहिला असेल?

खरा मोह मात्र याच्या पुढे भेटतो. सफाईसाठी रबराचे छोटे खांब काढावे लागतात. एक खांब उचलला तर त्याच्या बुडाखाली बोटाच्या पेराएवढं एक वर्तुळ दिसलं. तिथला लाल रंग १९७६ चा. त्याला ऊन लागलेलं नाही, धूर लागलेला नाही, बॉल लागलेला नाही. आणि त्या वर्तुळाला लागून बाहेर तोच लाल, विटून विटकरी झालेला. तोवर मला माझं यंत्र छान वाटत होतं. ते वर्तुळ पाहिलं आणि सगळी फळी एकदम म्हातारी दिसायला लागली. हाताशी रंग होते, ब्रश होता. सगळीकडे त्या वर्तुळासारखं करून टाकावं, असं अगदी आतून वाटलं.

तसं करणारे पुष्कळ आहेत, आणि उत्तम करतात. उडालेला रंग अ‍ॅक्रिलिकनं भरायचा, एअरब्रशनं छटा जुळवायच्या आणि वर मोटारींना मारतात तो दोन भागांचा पारदर्शक थर द्यायचा. वज्रलेपच म्हणा. नव्वदच्या सुमाराला कारखान्यांनीही असले कडक थर द्यायला सुरुवात केली. फळी आरशासारखी चमकते आणि बॉल पाण्यावरून गेल्यासारखा सुळकन जातो. या थराच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ती हवेत उडून फुप्फुसात गेली की कायमचा दमा जडू शकतो, आणि साधा मास्क त्याला पुरत नाही. बाहेरची ताजी हवा नळीनं पुरवणारा मुखवटा नि रंगकामाची बंद खोली लागते. म्हणून ते काम घरी करायचं नाही, ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडे द्यायचं. पण माझा आक्षेप केवळ दम्याचा नाही. एकदा तो थर बसला की तो खालच्या चित्रासकट घट्ट. पुढे त्याखाली काही चुकलेलं आढळलं तर सोडवायला वाट राहत नाही.

या बाबतीत आपल्या अजिंठ्यानं जगाला धडा दिलेला आहे. १९२० च्या सुमाराला निजाम सरकारनं तिथली भित्तिचित्रं वाचवायला लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. सुटणारा गिलावा त्यांनी पुन्हा भिंतीला धरवला. ते काम मोलाचं होतं, नाहीतर पुष्कळसं गळून पडलं असतं. पण चित्रांवर संरक्षणासाठी लाखेचा थरही दिला. लावताना तो पारदर्शक होता. पुढे पिवळा पडला, तपकिरी झाला, धूळ-काजळी धरून बसला, आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनज्ञांना नंतर वर्षानुवर्षं तोच थर इंचाइंचानं काढत बसावं लागलं. इटालियनांची नियत साफ होती, ज्ञानही त्या काळातलं उत्तम. तरीही वाचवायला लावलेली गोष्टच झाकणारी ठरली. अजिंठ्यापुढे माझी जोकरची फळी म्हणजे कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, पण नियम दोन्हीकडे एकच लागू. पुढच्या माणसाला काढता येणार नाही असं आपण काही लावू नये.

गेल्या उन्हाळ्यात माझे सासरे पुण्याहून आले होते. ते गॅरेजमध्ये खुर्ची टाकून माझं काम बघायचे. एकदा म्हणाले, “अगं, या फळीची नवी कोरी नक्कल विकत मिळते म्हणालीस ना?”

“मिळते, नाना.”

“हुबेहूब?”

“हुबेहूब. याच्यापेक्षा सरस छपाई.”

“मग ही कापसाच्या काडीनं पुसत का बसलीस? नवी आण, बसव, मोकळी हो. जुनी भिंतीला टांग.”

नाना म्हणत होते ते खुळचट नव्हतं. नकला खरंच छान येतात आणि जी फळी पार सडली, तिच्या जागी त्या बसवाव्यातच. पण माझी सडलेली नव्हती. मी म्हटलं, “नवी बसवली तर यंत्र नवं होईल. पण मग ते गुत्त्यातलं राहणार नाही ना.” नानांनी थोडा विचार केला. “म्हणजे तुला गुत्ता जपायचाय,” ते म्हणाले. आणि हसले.

त्यांच्या थट्टेत माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. काय जपायचं ते ठरल्याशिवाय काय पुसायचं ते ठरत नाही. मला मॉरिसनचं चित्र वाचता यायला हवं होतं. राजाचा राजा दिसायला हवा, राणीच्या चेहऱ्याचे तुकडे व्हायला नकोत. तेवढं मी भरून घेतलं. आधी लॅकरचा पातळ पडदा, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा रंग, म्हणजे उद्या कोणाला माझा रंग नको झाला तर खालच्या मूळ चित्राला न दुखवता तो काढता येईल. छटा मात्र खांबाखालच्या वर्तुळातून घेतली नाही, शेजारच्या विटलेल्या भागाशी जुळवली. पांढरा तर पांढरा ठेवलाच नाही. पन्नास वर्षांच्या लॅकरखाली तो सायीच्या रंगाचा झालेला असतो आणि शुद्ध पांढऱ्याचा ठिपका तिथे ठिगळासारखा उठून दिसतो. ड्रॉप टार्गेटांच्या पुढ्यातलं उघडं लाकूड मी तसंच सोडलं. ते स्वच्छ केलं, बंद केलं, पण रंगवलं नाही. तिथे चित्रातला महत्त्वाचा भाग नाही, नुसता सपाट रंग होता, आणि त्या पट्ट्यात किती जणांनी किती वर्षं नेम धरला याची साक्ष आहे.

राहिलं निम्मं उत्तर. ते फळी हाताळता हाताळता सापडलं. हे यंत्र काचेआड ठेवायचं असतं तर सगळं सोपं होतं. पण न खेळलेलं यंत्र लवकर मरतं. संपर्कबिंदूंवर ऑक्साइड चढतो, रबर कडक होतं, वंगण घट्ट होऊन रिले अडकतात. ते चालतं ठेवायचं तर खेळायला हवं, आणि खेळलं की झीज आलीच. पोलाद आणि रंग यांच्या गाठीत रंगाचाच बळी. झीज थांबवणं माझ्या हातात नाही. मात्र काय झिजायचं, हे मला ठरवता येतं.

मग एकेक गोष्ट त्या हिशेबात बसत गेली. बॉल स्वस्त आहे, तो झिजू दे, वेळेवर बदलीन. रबरी कडी स्वस्त, तीही बदलीन. इन्सर्टच्या, म्हणजे फळीत बसवलेल्या त्या पारदर्शक खिडक्यांच्या, खालचे ४४ क्रमांकाचे दिवे काढून कमी वीज खाणारे ४७ क्रमांकाचे लावले, म्हणजे उष्णतेनं झिजायचं ते कमी झिजेल. आणि सगळ्यात वर कार्नोबा मेण. ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण ऐंशी अंश सेल्सियसच्या वर वितळतं, घोटलं की कठीण आणि निसरडं होतं. अगदी पातळ थर, वाळू द्यायचा, मऊ सुती फडक्यानं घोटायचा. यात सिलिकॉनवालं पॉलिश कधी मारायचं नाही. ते लाकडात मुरलं की पुढे त्यावर कुठलाच थर नीट बसत नाही. मेण फार दिवस टिकत नाही, आणि तीच त्याची खुबी. बॉल जे खरडतो ते मेण खरडतो, चित्र नाही. मेण उडालं की नॅफ्थानं उरलेलं पुसायचं आणि नवं लावायचं. कडक थर देणारा म्हणतो, यापुढे झीजच नको. मेण लावणारा म्हणतो, झीज येणारच, तर ती माझ्यावर येऊ दे. मला दुसऱ्याची संगत बरी वाटते.

काय काय केलं ते एका कागदावर लिहून पेटीच्या आतल्या बाजूला, तारांच्या नकाशाशेजारी, प्लॅस्टिकच्या पाकिटात लावून ठेवलंय. कुठे रंग भरला, खाली काय आहे, कशानं निघेल, मेण कुठलं. पुढच्या मालकाला माझी आवडनिवड पटलीच पाहिजे असं नाही, पण ती मोडायची सोय त्याला असायला हवी.

नाना परत जायच्या आधी रोज जेवणानंतर खेळायचे. बाकी सगळं सोडून त्यांचा नेम त्याच ड्रॉप टार्गेटांवर. पन्नास वर्षांपूर्वीच्या गुत्त्यातल्या कोणा अनोळखी माणसाचा होता, अगदी तोच. ते गेल्यावर काच काढून पाहिलं तर तिथलं मेण साफ उडालं होतं आणि जोकरवरचं जसंच्या तसं. फळीवर नवा ओरखडा एकही नव्हता. डब्यात मेण भरपूर होतं. त्यांना फोनवर सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यात या, टार्गेटं तयार आहेत.